नऊ नंबरला कोण?

क्रिकेटच्या टीममध्ये कोणाला घ्यावं यावर मुंबईत प्रत्येकाचं मत असतं. फुटबॉलच्या बाबतीत तसं नाही, असं तुम्हाला वाटत असेल तर एकदा तळवलीला या. मुंबई सिटी एफसीची मॅच झाली, की दुसऱ्या दिवशी लंचनंतरच्या चहाला आमच्या ग्रुपमध्ये जो राडा होतो, तो अप्रेझलच्या महिन्यातसुद्धा होत नाही! कोच कुठल्याही देशाचा असो, तो चुकलेलाच असतो. सबस्टिट्यूट दहा मिनिटं आधी आणायला हवा होता, हे टपरीवर सगळ्यांना कळतं, फक्त त्या बिचाऱ्याला कळत नाही.

पण गोलकीपर कोण, कॅप्टन कोण हे वाद किरकोळ. खरा वाद एकच. नऊ नंबरला कोण? म्हणजे सगळ्यात पुढे उभा राहून गोल मारणारा माणूस परदेशी हवा की भारतीय? यावरून आमच्यात सरळ दोन पार्ट्या आहेत. मी भारतीयवाल्या पार्टीत.

वाद पेटतो तो एका नियमामुळे. आयएसएल २०१४मध्ये सुरू झाली तेव्हा एका टीमचे सहा परदेशी खेळाडू एकाच वेळी मैदानात चालायचे. २०१७-१८पासून ते पाच झाले आणि २०२१-२२पासून चार. आता चारच जागा म्हटल्यावर कोच काय करणार? एक बचावफळीच्या मध्यभागी, एक-दोन मिडफिल्डला आणि एक गोल मारायला. म्हणजे टीमचा मणका परदेशी, हात-पाय आपले. मुंबईचंच बघा ना. विंगवर लालिअनझुआला छांगते, बिपिन सिंग, विक्रम प्रताप सिंग अशी आपली पोरं वाऱ्यासारखी पळायची. मध्ये मात्र २०२१-२२मध्ये इगोर अँगुलो, मग होर्हे परेरा डियाझ, मग निकोलाओस करेलिस.

आमच्या टेस्टिंग टीममधला एक जण परदेशी पार्टीचा पुढारी आहे. त्याचा मुद्दा साधा आहे. "तळवलीहून अंधेरीला जायचं म्हणजे आधी ठाणे, मग घाटकोपर, मग मेट्रोने आझादनगर. एवढे धक्के खाऊन मी जिंकलेली मॅच बघायला जातो, कोणाची इंटर्नशिप बघायला नाही!" आता यावर काय बोलणार? २०१४ आणि २०१५मध्ये टीमचं घर नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम होतं, तेव्हा आपल्याला ट्रान्सहार्बरवरून निवांत जाता यायचं. २०१६मध्ये टीम अंधेरीला गेली आणि आपण बाहेरगावचे झालो. नंतर ६ नोव्हेंबर २०२३ला एएफसी चॅम्पियन्स लीगची मॅच खेळायला अल हिलाल नेरूळला आली, पण जखमी झाल्यामुळे नेमार आलाच नाही! मुंबई ०-२ हरली. तरी रियाधमध्ये ०-६ झालं होतं, त्या मानाने बरंच.

त्याच्याकडे पुरावेही आहेत. १३ मार्च २०२१, गोव्यातली फायनल, एटीके मोहन बागानशी १-१. कोच सर्जिओ लोबेरा यांनी ल फाँद्रला बाहेर काढून ओग्बेचेला उतरवलं, म्हणजे परदेशीच्या जागी परदेशी. शेवटच्या मिनिटाला बचावफळीच्या मागे धावत जाऊन त्याने बॉल मिळवला आणि पास दिला. "ओग्बेचे नसता तर ट्रॉफी नसती," इति टेस्टिंगवाला. अरे, पण तो पास जाळ्यात कोणी मारला? मणिपूरच्या बिपिनने! ४ मे २०२४ची फायनल घ्या. कोलकात्यात पुन्हा मोहन बागान, यावेळी मुंबई ३-१ जिंकली. बरोबरीचा गोल डियाझचा, पण आघाडीचा गोल परत बेंचवरून आलेल्या बिपिनचा. एकाच मॅचमधून दोन्ही पार्ट्यांना पुरावा मिळतो, हीच तर पंचाईत आहे.

आमच्या बाजूचा हुकमाचा पत्ता म्हणजे सुनील छेत्री. २०१५च्या लिलावात मुंबईने त्याला १ कोटी २० लाखांना घेतलं आणि त्या सीझनला त्याने सात गोल मारले. डी. वाय. पाटीलवर नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध त्याची हॅट्‌ट्रिक झाली, आयएसएलमधली भारतीय खेळाडूची पहिली. (त्याच सीझनला गोव्यात आपण ०-७ हरलो. टेस्टिंगवाला याची आठवण करून दिल्याशिवाय राहत नाही.)

पुढचं ऐका. ६ जून २०२४ला छेत्रीने भारताची जर्सी उतरवली. मार्च २०२५मध्ये त्याला परत बोलवावं लागलं. वयाच्या चाळिशीत! आणि पठ्ठ्याने मालदीवविरुद्ध गोलही मारला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण खरं सांगू, मला ते बघताना जरा कसंतरीच झालं. शनिवार-रविवार प्रत्येक क्लब मधली जागा परदेशी माणसाला देणार, मग भारताच्या मॅचला स्ट्रायकर आणायचा कुठून? विंगरला बढती देऊन? छांगते एका सीझनला दहा-दहा गोल मारतो, पण तेही कडेने आत घुसून.

गंमत म्हणजे आम्ही जिथे भांडतो तिथून जवळच, घणसोलीच्या रिलायन्स कॉर्पोरेट पार्कमध्ये, २०१५पासून रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स ही निवासी अकादमी आहे. देशभरातून निवडलेली पोरं तिथे राहतात, शिकतात, खेळतात. तिथलाच आयुष छिकारा हा फॉरवर्ड पुढे मुंबई सिटीत आला. म्हणजे पोरं तयार करण्याचं काम आपल्या शेजारी चाललंय. पण अठरा-एकोणीस वर्षांच्या स्ट्रायकरला मॅचमध्ये मिनिटंच मिळाली नाहीत, तर तो चुकणार कधी आणि शिकणार कधी? प्रॅक्टिसमध्ये मारलेले गोल कोण मोजतं?

तळवली गावातले एक दादूस कधीकधी आमच्यात चहाला असतात. त्यांना ऑफसाइडच्या भानगडीत रस नाही. त्यांचा एकच प्रश्न असतो, "आपली पोरां कवा खेलनार?" त्यावर टेस्टिंगवालाही गप्प बसतो.

२९ मार्च २०२५ला प्लेऑफमध्ये बेंगळुरूकडून ०-५ खाल्ले, तेव्हा आठवडाभर कोणी कोणाशी वाद घातला नाही. डियाझ, आपुइया, राहुल भेके हे चॅम्पियन टीमचे तीन मोहरे त्याआधीच निघून गेले होते, त्यातला डियाझ आणि भेके तर बेंगळुरूकडेच. परदेशी स्ट्रायकर असूनही पाच खाल्ले, हे मी एकदाच म्हणाले आणि चहाचे पैसे मलाच द्यावे लागले.

शेवटी एच.आर.मधल्या मैत्रिणीने तह सुचवला. साठाव्या मिनिटानंतर परदेशी स्ट्रायकर बाहेर आणि अकादमीतून आलेला पोरगा आत, दर मॅचला. टेस्टिंगवाल्याला हे मान्य आहे, पण टीम दोन गोलने पुढे असेल तरच. मी म्हणते, स्कोअर ०-० असताना. ती अट त्याला अजून मंजूर नाही.