जुन्या व्हॅनच्या डॅशबोर्डवरील अंधार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

१९८४ साली प्रथम रस्त्यावर आलेली, पुढे ओम्नी हे नाव धारण करून खेडोपाडी स्थिरावलेली आणि २०१९ साली जिचे उत्पादन थांबले ती मारुती व्हॅन लोहारा तालुक्यासारख्या भागात आजही इमानाने राबत असते; सास्तूर, जेवळी किंवा माकणीहून एखाद्या रुग्णास उमरग्याला वा सोलापूरला न्यावयाचे असो, की तुळजापूरचे दर्शन आटोपून अपरात्री परतावयाचे असो, तिच्यावाचून अनेक कुटुंबांचे चालत नाही. अशा वयस्क गाडीच्या मीटरमधला उजेड एके दिवशी जातो, पंख्याच्या व हीटरच्या दांड्यांमागचा दिवाही विझतो, आणि मालक एकतर काळोखातच गाडी हाकू लागतो किंवा ऐकीव सल्ल्यावरून नको तो खर्च करून बसतो. वस्तुतः हा दोष क्रमाने शोधल्यास बहुधा थोडक्यात सापडतो. म्हणून त्याविषयीच्या रूढ समजुतींची शहानिशा करणे अगत्याचे आहे.

गैरसमज : मीटर काळोखले म्हणजे वायरिंग जळाले, आता सबंध मीटरच बदलावे लागणार.

वस्तुस्थिती : बहुतेक जुन्या गाड्यांत मीटरचे दिवे पार्किंगच्या दिव्यांबरोबर लागतात, म्हणून तपासणीचा आरंभ मीटर खोलून नव्हे, तर गाडीच्या मागे जाऊन करावा. मागचे लाल दिवेही विझलेले असतील, तर दोष फ्यूजमध्ये किंवा बटणात असण्याचा संभव अधिक. ते लागत असून मीटर पूर्ण अंधारात असेल, तर मीटरमागची जोडणी, अर्थिंग किंवा उजेड कमीजास्त करणारे बटण तपासावे. आणि मीटरचा एकच भाग काळा दिसत असेल, तर तेथला बल्ब गेला असे समजावे. दांड्यांच्या पट्टीमागे पुष्कळदा एकच बल्ब असतो व त्याचा उजेड पारदर्शक प्लास्टिकमधून सर्व खुणांपर्यंत पोहोचविलेला असतो; त्यामुळे तो एक गेला की सगळ्याच खुणा एकदम नाहीशा होतात.

गैरसमज : उजेड मंदावला म्हणजे बॅटरी थकली.

वस्तुस्थिती : बॅटरी थकली असती तर हेडलाईटही मंदावले असते. तंतूच्या बल्बचा स्वभाव असा, की विद्युतदाब १० टक्क्यांनी घटला तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. साहजिकच होल्डरच्या पत्तीवर चढलेला गंज किंवा सैल अर्थिंग एवढे क्षुल्लक कारणही मीटर मलूल करण्यास पुरेसे होते. काढलेला बल्ब उजेडासमोर धरून पाहावा : काच आतून करडी-काळी दिसत असेल, तर तो टंगस्टनच्या तंतूची वाफ होऊन बसलेला थर होय, आणि असा बल्ब जळत असला तरी बदलावा. होल्डरच्या पत्त्या व मीटरमागील तांब्याच्या पट्ट्या साध्या खोडरबराने पुसाव्यात; तांब्याचा थर अतिशय पातळ असल्यामुळे त्यावर पॉलिशपेपर मात्र चालवू नये.

गैरसमज : जास्त वॅटचा बल्ब बसविला की काम भागते.

वस्तुस्थिती : १.२ वॅटच्या जागी ५ वॅटचा बल्ब बसविला, तर त्या बंदिस्त जागेत चौपटीहून अधिक उष्णता साठते. होल्डर मऊ पडतो, तबकडी वाकते, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मुळातच तापलेल्या डॅशबोर्डवर हा भार नाहक पडतो. जुन्या बल्बवरील आकडा वाचून त्याच मापाचा बल्ब आणावा.

गैरसमज : फ्यूज वारंवार जात असेल, तर मोठा फ्यूज घालावा.

वस्तुस्थिती : फ्यूज असतो तो दिव्याच्या नव्हे, तारेच्या रक्षणासाठी. पात्यांच्या फ्यूजमध्ये १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा व २० चा पिवळा असा संकेत आहे. लालच्या जागी पिवळा बसविला, किंवा त्याहून वाईट म्हणजे तारेचा तुकडाच गुंडाळला, तर शॉर्ट झालेली तार डॅशबोर्डमागे तापत राहते आणि गाडी पेट घेऊ शकते. फ्यूज पुन्हा पुन्हा जाणे ही तक्रार आहे. तिचे कारण पत्र्याच्या कडेला घासून सोललेल्या तारेत किंवा मागच्या दिव्याच्या घरात शिरलेल्या पाण्यात शोधावे.

गैरसमज : एलईडी बसविला की कायमची कटकट मिटली.

वस्तुस्थिती : एलईडी थंड राहतो व दीर्घकाळ टिकतो, हे खरे, परंतु त्याला धन-ऋण बाजू असतात, म्हणून तो लागला नाही तर उलटा बसवून पाहावा. जुन्या बटणाने त्याचा उजेड नीट कमीजास्त होईलच असे नाही. मुख्य म्हणजे, अनेक जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला आरंभीचा प्रवाह बॅटरीच्या इशारादिव्यातून मिळतो. त्या ठिकाणी अत्यल्प प्रवाह घेणारा एलईडी बसविल्यास चार्जिंग वेळेवर सुरू होत नाही. तो एक बल्ब मूळचाच राहू द्यावा.

गैरसमज : डॅशबोर्ड जितका लख्ख, तितके बरे.

वस्तुस्थिती : मानवी डोळ्याला अंधाराशी पूर्णपणे जुळवून घेण्यास सुमारे अर्धा तास लागतो, आणि समोरचा झगझगीत उजेड ती कमाई क्षणात घालवितो. गाळपाच्या हंगामात मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली अकस्मात समोर येते, तेव्हा आकडे वाचता येतील इतकाच मंद उजेड चालकाच्या हिताचा असतो.

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडावी, आणि मीटर ओढण्याआधी वेगमापकाची केबल हलक्या हाताने मोकळी करावी. खाजगी गाडीच्या नोंदणीची मुदत १५ वर्षांची असते, व नंतर दर ५ वर्षांनी ती वाढवून घेताना गाडीची तपासणी होते. परंतु हे काम त्या तारखेपर्यंत लांबविणे योग्य नव्हे. मीटरमधला अंधार हा पुष्कळदा मागचे लाल दिवे विझल्याचा चालकाला मिळणारा पहिला इशारा असतो, आणि ते विझले असतील तर मागून भरधाव येणाऱ्याला आपली गाडी दिसत नाही. म्हणून मीटर काळोखलेले दिसताच गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभी करावी, उतरून मागचे दिवे पाहावेत, आणि ते लागत नसतील तर दुरुस्ती होईपर्यंत रात्रीचा प्रवास करू नये.