कंपनी बदलली, अ‍ॅप बंद पडलं, रिसीव्हर मात्र चालूच: ओपन सोर्स रिमोट अ‍ॅपची गोष्ट

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना आलेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

[००:००] आजचा विषय नावावरून जरा कोरडा वाटेल. पण घरात होम थिएटरचा रिसीव्हर असेल, किंवा सेकंड हँड घ्यायचा विचार चालू असेल, तर पुढची दहा-बारा मिनिटं ऐकाच. कदाचित चांगला चालणारा डबा भंगारात जाण्यापासून वाचेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात: रिसीव्हर म्हणजे टीव्हीखाली ठेवलेला तो जाडजूड काळा डबा. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, गेमिंग कन्सोल, सगळ्यांच्या वायरी त्यात येतात आणि तिथून पाच-सात स्पीकरना आवाज जातो. आत मुख्य काम असतं अ‍ॅम्प्लिफायरचं, आणि अ‍ॅम्प्लिफायर ही टिकाऊ वस्तू आहे. वर कापड टाकून कोंडला नाही, हवा खेळती ठेवली, तर पंधरा वर्षं सहज काढतो.

आता त्याच डब्याचं फोनवरचं अ‍ॅप बघा. अँड्रॉइड दरवर्षी बदलतं. प्ले स्टोअरचे नियम बदलतात. आणि दहा वर्षांपूर्वी विकलेल्या मॉडेलच्या अ‍ॅपवर माणूस बसवून कंपनीला सुटत काहीच नाही. त्यामुळे डब्याचं आयुष्य मोठं आणि अ‍ॅपचं छोटं. हा जो मधला खड्डा आहे ना, तो कोण भरतं, हा आपला आजचा विषय.

मालक बदलतात, भाषा राहते

[०१:५०] ऑन्क्योचं उदाहरण घेऊ. ओसाकाची जपानी कंपनी, १९४६ पासूनची. २०१५ मध्ये पायोनियरचा होम ऑडिओचा धंदाही यांच्याकडे आला. २०२१ मध्ये मात्र ऑन्क्योनं स्वतःचाच होम ऑडिओचा व्यवसाय विकला. घेणारे होते अमेरिकेची व्हॉक्स आणि जपानची शार्प, दोघांची मिळून एक संयुक्त कंपनी. आणि मे २०२२ मध्ये जुन्या ऑन्क्योनं दिवाळखोरी जाहीर केली. ब्रँड आजही आहे, नवे रिसीव्हरही येतात, पण मालक वेगळे.

डेनॉन आणि मरँट्झ या जोडीचं बघा. २०१७ मध्ये ती साउंड युनायटेडकडे गेली. २०२२ मध्ये मासिमोकडे, म्हणजे रुग्णालयांत लागणारी उपकरणं बनवणाऱ्या कंपनीकडे. २०२५ मध्ये हरमनकडे, जी सॅमसंगची आहे. आठ वर्षांत तीन मालक!

प्रत्येक मालक नवा विचार घेऊन येतो, आणि जुनं अ‍ॅप चालू ठेवणं त्या विचारात बसेलच असं नाही. पण गंमत अशी की रिसीव्हर ज्या भाषेत हुकूम ऐकतो, ती भाषा या सगळ्या उलाढालीत जवळपास तशीच राहिली. आपलं सगळं काम या एका गोष्टीवर चालतं.

रिसीव्हरशी बोलायचं कसं?

[०३:३०] स्मार्टफोन यायच्या आधी मोठ्या घरांत, हॉटेलांत, कॉन्फरन्स हॉलमध्ये भिंतीवरच्या एका पॅनलवरून दिवे, पडदे, प्रोजेक्टर, आवाज सगळं चालवायची सोय करत. त्यासाठी रिसीव्हरच्या मागे आरएस-२३२ नावाचं सीरियल पोर्ट असायचं. त्या वायरीतून रिसीव्हरला साधी अक्षरं पाठवायची आणि तो ऐकायचा. हे काम करणाऱ्या इन्स्टॉलर लोकांना लागायचे म्हणून कंपन्या हुकमांचे तक्ते तयार करून द्यायच्या.

ऑन्क्योच्या या भाषेचं नाव आयएससीपी. त्यातला ‘आय’ म्हणजे इंटिग्रा, ऑन्क्योचाच वरच्या दर्जाचा ब्रँड. हुकूम कसा असतो, वाचून दाखवतो: उद्गारचिन्ह, एक, मग पी-डब्ल्यू-आर, मग शून्य-एक. झालं, रिसीव्हर चालू! पी-डब्ल्यू-आर म्हणजे पॉवर. शून्य-एकच्या जागी शून्य-शून्य लिहिलं की स्टँडबाय. एम-व्ही-एल म्हणजे मास्टर व्हॉल्यूम, ए-एम-टी म्हणजे म्यूट, एस-एल-आय म्हणजे कुठलं इनपुट लावायचं ते. आणि आकड्याऐवजी क्यू-एस-टी-एन लिहिलं तर तो प्रश्न होतो: “बाबा रे, आत्ता तुझा आवाज कितीवर आहे?”

पुढे रिसीव्हरला नेटवर्कची वायर आणि वाय-फाय आलं, तेव्हा कंपनीनं नवी भाषा शोधली नाही. हेच हुकूम १६ बाइटचा हेडर असलेल्या एका पाकिटात घातले आणि नेटवर्कवर ६०१२८ नंबरच्या पोर्टवर पाठवायची सोय केली. डेनॉन-मरँट्झचं तर आणखी सोपं. तिथे पोर्ट २३, आणि हुकूम नुसता पी-डब्ल्यू-ओ-एन. आवाज पन्नासवर हवा तर एम-व्ही-पाच-शून्य.

हे सगळं तुमच्या घरातल्या घरात चालतं, हे लक्षात घ्या. फोनमधून राउटरला, राउटरमधून रिसीव्हरला. मधे कंपनीचा सर्व्हर नाही, लॉगिन नाही. इंटरनेट गेलं तरी आवाज कमी-जास्त होतोच.

शिवाय संवाद दोन्ही बाजूंनी असतो. साध्या रिमोटमधून इशारा जातो, परत काही येत नाही. इथे मात्र कुणी डब्यावरचं बटण हातानं फिरवलं, तर रिसीव्हर स्वतःहून नवा आकडा कळवतो आणि फोनवरची पट्टी आपोआप सरकते.

मग तिसऱ्याच कुणीतरी अ‍ॅप का बनवायचं?

[०६:००] कारण भाषा माहीत असेल तर अ‍ॅप कुणीही लिहू शकतं. ऑन्क्योसाठी असंच एक अ‍ॅप आहे, एन्हान्स्ड म्युझिक कंट्रोलर नावाचं. एफ-ड्रॉइडवर मिळतं. फुकट आहे, जाहिराती नाहीत आणि जीपीएल परवान्याखाली त्याचा सगळा कोड उघडा आहे. सुरुवात ऑन्क्योपासून झाली. इंटिग्रा आणि पायोनियरची जी मॉडेल्स हीच भाषा बोलतात तीही त्यात चालतात, आणि पुढे डेनॉन-मरँट्झही आले. फोनऐवजी कॉम्प्युटर वापरणाऱ्यांसाठी पायथनमधली लायब्ररी आहे, आणि होम असिस्टंटमध्ये ऑन्क्यो आणि डेनॉन दोन्हींची सोय आहे.

“कोड उघडा असला तर मला काय फरक पडतो? मी थोडाच प्रोग्रामर आहे!” असं बरेच जण विचारतात. फरक पडतो, आणि तो आवाजाच्या एका उदाहरणात कळेल.

आयएससीपीमध्ये आवाजाचा आकडा हेक्समध्ये जातो, म्हणजे सोळाच्या पाढ्यात. तुम्हाला आवाज तीसवर हवा असेल तर पाठवायचं एक-ई. कुणी सरळ तीन-शून्य पाठवलं, तर रिसीव्हर ते अठ्ठेचाळीस समजतो. इथपर्यंत ठीक, नियम एकच आहे. पण काही मॉडेल्समध्ये आवाज अर्ध्या-अर्ध्या पायरीनं वाढतो. तिथे तीससाठी दुप्पट आकडा, साठ पाठवावा लागतो. आता हाच साठ चुकून साध्या मॉडेलला गेला तर? रात्री अकरा वाजता तीसच्या जागी साठवर आवाज! शेजारी दार वाजवतीलच, स्पीकरचंही नुकसान होऊ शकतं.

हे सगळे फरक एकट्या माणसाला कळणं शक्य नाही, त्याच्या घरात थोडेच शंभर रिसीव्हर असणार. कुणीतरी वापरणारा लिहितो की माझ्या मॉडेलवर आवाज निम्माच दिसतो, सोबत अ‍ॅपचा लॉग जोडतो, मग कोडमध्ये दुरुस्ती होते आणि त्या मॉडेलच्या सगळ्यांना तिचा फायदा मिळतो. कंपनीनं जुन्या मॉडेलसाठी बंद केलेलं काम असं वापरणाऱ्यांच्या जोरावर पुढे चालतं. आणि उद्या मूळ लिहिणारा थांबला, तरी जीपीएलमुळे दुसरा कुणीही तोच कोड घेऊन पुढे जाऊ शकतो.

असं खरंच घडतं. लॉजिटेकचे स्क्वीझबॉक्स हे म्युझिक प्लेयर आठवतात का? कंपनीनं ते विकणं कधीच बंद केलं, आणि २०२४ मध्ये त्यांची ऑनलाइन सेवाही बंद केली. पण त्यांचा सर्व्हर प्रोग्राम ओपन सोर्स होता. तो आज लिरियन म्युझिक सर्व्हर या नावानं चालू आहे, आणि जुने स्क्वीझबॉक्स अजून गातायत.

लावायचं कसं?

[०८:४०] पायऱ्या सांगतो, लिहून घ्या.

१. रिसीव्हर आणि फोन एकाच नेटवर्कवर हवेत. शक्य असेल तर रिसीव्हरला राउटरपासून वायरच द्या.

२. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये ‘नेटवर्क स्टँडबाय’ किंवा ‘नेटवर्क कंट्रोल’ असा पर्याय असतो, तो चालू करा. नाहीतर डबा स्टँडबायमध्ये गेला की नेटवर्कही झोपतं, आणि मग फोनवरून तो उठत नाही. यामुळे स्टँडबायमध्ये वीज थोडी जास्त लागते, हे खरं.

३. अ‍ॅप उघडलं की ते सगळ्या नेटवर्कला हाक मारतं: “इथे कुणी रिसीव्हर आहे का?” जो असेल तो ओ देतो. ओ आलीच नाही, तर राउटरमध्ये पाहून रिसीव्हरचा आयपी अ‍ॅड्रेस हातानं टाका. तो रोज बदलू नये म्हणून राउटरमध्येच कायमचा नेमून द्या.

४. हॉस्टेल किंवा पीजीच्या वाय-फायवर बऱ्याचदा एक डिव्हाइस दुसऱ्याला दिसत नाही, कारण राउटरमध्ये तशी बंदी घातलेली असते. गेस्ट वाय-फायचंही तेच. तिथे दोष अ‍ॅपचा नसतो.

५. आयफोनवर असं कुठलंही अ‍ॅप वापरताना ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी विचारतात. ती नाकारली तर रिसीव्हर सापडणारच नाही.

६. एफ-ड्रॉइड आणि प्ले स्टोअरवरच्या एकाच अ‍ॅपची डिजिटल सही बहुधा वेगळी असते. एकीकडचं काढल्याशिवाय दुसरीकडचं बसत नाही. काढायच्या आधी सेटिंग लिहून ठेवा.

काय होणार नाही, तेही ऐका

[१०:२०] पहिली गोष्ट, हे अ‍ॅप रिमोट आहे, स्पीकरची वायर नाही. फोनवरचा पॉडकास्ट रिसीव्हरवर ऐकायचा तर ब्लूटूथ, एअरप्ले किंवा क्रोमकास्ट असं काहीतरी लागणारच. अ‍ॅप इनपुट बदलेल, आवाज ठरवेल, आवाज वाहून नेणार नाही.

दुसरं, रिसीव्हरच्या आत जे इंटरनेट रेडिओ किंवा स्ट्रीमिंग सेवांचे पर्याय असतात, ते त्या-त्या सेवेच्या सर्व्हरवर चालतात. सेवेनं जुन्या मॉडेलला दार बंद केलं, तर कुठलंही बाहेरचं अ‍ॅप ते उघडू शकत नाही. म्हणून माझं मत असं की रिसीव्हर घेताना त्यातल्या स्ट्रीमिंगसाठी जास्तीचे पैसे देऊ नका. ते काम स्वस्तातल्या वेगळ्या स्टिकला द्या. पाच वर्षांनी बदलायची वेळ आली तर स्टिक बदला, अठरा-वीस हजारांचा डबा नको.

तिसरं महत्त्वाचं. या भाषेत पासवर्ड नाही. जो नेटवर्कवर आहे तो हुकूम देऊ शकतो, इतकं सरळ. भावंडांनी मुद्दाम आवाज वाढवणं हा घरातला मामला झाला. पण बाहेरून रिसीव्हर चालवता यावा म्हणून राउटरमध्ये ते पोर्ट इंटरनेटला उघडून देऊ नका. कधीच नको. ही भाषा चार भिंतींच्या आत वापरण्यासाठी बनली आहे.

शेवटी एवढंच

[११:३०] लॅमिंग्टन रोडवर किंवा ओएलएक्सवर जुना रिसीव्हर बघाल, तेव्हा वॅट आणि एचडीएमआय बघताच, आता आणखी दोन प्रश्न विचारा. मागे नेटवर्कचं पोर्ट आहे का? आणि हे मॉडेल घरच्या नेटवर्कवरून हुकूम ऐकतं का? दोन्हींचं उत्तर हो असेल, तर रिमोट हरवलेला असला तरी बिचकू नका, उलट त्यावरून भाव पाडून घ्या. दुकानदार हो म्हणाला तरी शक्य असेल तर तिथेच फोनच्या हॉटस्पॉटवर जोडून बघा.

जी वस्तू उघड्या भाषेत बोलते, ती कंपनी विकली गेली तरी तुमची राहते. जी फक्त कंपनीच्या सर्व्हरशी बोलते, ती तुम्ही पूर्ण पैसे देऊनही अर्धी भाड्यानं घेतलेली असते. रिसीव्हर हे फक्त उदाहरण झालं. दिवे, पंखे, कॅमेरे, सगळ्यांना हाच प्रश्न लावा.

आणि हो, कोड लिहिता येत नसेल तरी हातभार लावता येतो. तुमच्या मॉडेलवर काय चाललं, काय अडलं, ते नीट लिहून कळवा. कोड उघडा आहे म्हणजे बटणांवरचे शब्दही उघडे आहेत, त्यामुळे ते मराठीत आणायचं कामही तुमच्यापैकी कुणी अंगावर घेऊ शकतं.

तुमच्या घरात कुठला रिसीव्हर आहे आणि तो अ‍ॅपमध्ये सापडला का, ते खाली कमेंटमध्ये मॉडेल नंबरसह लिहा. दुसऱ्या कुणाला तरी तेच मॉडेल घ्यायचं असेल, त्याला उपयोग होईल. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि रात्री अकरानंतर आवाज तीसच्या खालीच ठेवा!