संकर म्हणजे निरोगीपणाची हमी नव्हे

संकरओज (भिन्न जातींच्या मिलनातून पिल्लांत येणारा जोम) खरा असतो, पण सरसकट नाही. दोन विरलेल्या चादरी एकावर एक घातल्या तर एकीची भोके दुसरीने झाकतात. ती एकाच जागी असली तर मात्र थंडी लागतेच. लॅब्राडोर आणि पूडल या दोन्ही जातींत खुब्याच्या सांध्याचा विकार आणि दृष्टिपटलाचा आनुवंशिक ऱ्हास आढळतो. त्यामुळे त्यांच्या संकरातून झालेल्या लॅब्राडूडलला नुसत्या संकराने संरक्षण मिळत नाही. या संकराने अ‍ॅलर्जी होत नाही, या समजाचेही तेच. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन यांनी अ‍ॅलर्जी न होऊ देणाऱ्या, अंधांच्या मार्गदर्शक कुत्र्यासाठी हा संकर केला, तेव्हाही सगळीच पिल्ले अ‍ॅलर्जी असलेल्याला चालली असे झाले नाही. मग संकरच अनैतिक का? शुद्ध जातींतही हेच विकार असताना तसे म्हणणे अन्यायाचे. आक्षेप घ्यायचा तर आईबापांचे खुबे-डोळे न तपासता पिल्लू ‘निरोगी’ म्हणून विकणाऱ्यावर घ्यावा.