पाण्यातली राइड आणि कोरडे कपडे

मारुंजीहून एक्सप्रेसवे धरून घाट उतरलं की खोपोलीजवळ इमॅजिका. २०१३ साली सुरू झालेल्या या पार्कात राजासॉरसच्या नावाची पाण्यातली राइड आहे. राजासॉरस म्हणजे नर्मदेच्या खोऱ्यात ज्याची हाडं सापडली तो डायनोसॉर.

अशा राइडमध्ये बोट उंचावरून घसरत पाण्यात येते. उतार दहा मीटर उंचीचा धरला आणि घर्षण सोडून दिलं, तर तळाशी वेग भरतो ताशी ५० किलोमीटर. बोटीचं नाक पाण्यात रुततं, समोरचं पाणी दोन्ही बाजूंना उसळतं आणि बोट त्याच तुषारांतून पुढे जाते. म्हणून सहसा पुढची रांग जास्त भिजते. वजनदार मंडळी पुढे बसली, तर नाक आणखी खोल जातं. मागची जागा मागून बघा. पण ऑपरेटर बसवेल तिथेच बसायचं, कारण तो बोटीचा तोल सांभाळत असतो.

मला महत्त्वाचं वाटतं ते भिजल्यानंतरचं. सुती धागा पाणी आत शोषतो, पॉलिएस्टरचा जवळजवळ नाही. त्यामुळे पॉलिएस्टरचा टी-शर्ट तासाभरात वाळला तरी जीन्सची शिवण आणि खिसे ओलेच राहतात. एक ग्रॅम पाणी वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेतं, त्यातली बरीचशी आपल्या अंगातून. ओल्या चड्डीत एसी गाडीत बसलेलं पोर कुडकुडतं ते यामुळेच. पावसाळ्यात तर हवाच दमट, कपडे वाळणार कसे?

मुलांच्या कपड्यांचा एक जोड सोबत ठेवा आणि गाडीत बसण्याआधीच बदला.