संरक्षण खुर्चीला, जबाबदारी कोणाला?

१२ डिसेंबर २०१३ रोजी देवयानी खोब्रागडे यांना न्यूयॉर्कमध्ये अटक झाली आणि दिल्लीपासून मुंबईपर्यंत गहजब उडाला. मूळच्या महाराष्ट्राच्या खोब्रागडे तेव्हा तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात उपमहावाणिज्यदूत होत्या. आरोप होता घरकामासाठी भारतातून नेलेल्या महिलेच्या पगाराबाबत. व्हिसासाठी सादर केलेल्या करारात तासाला ९.७५ डॉलर आणि वेगळ्या करारात महिना ३० हजार रुपये, असे सरकारी वकिलांचे म्हणणे होते. खोब्रागडे यांनी आरोप नाकारले. पण परदेशात नेमलेल्या अधिकाऱ्याला मुळात अटक होतेच कशी?

याचे उत्तर व्हिएन्नात झालेल्या दोन करारांत आहे. १९६१चा करार राजनैतिक अधिकाऱ्यांसाठी आहे. त्यांना अटक करता येत नाही, त्यांच्यावर फौजदारी खटलाही चालत नाही. १९६३चा करार पासपोर्ट, व्हिसा, व्यापार पाहणाऱ्या वाणिज्य दूतावासांसाठी आहे. तिथले संरक्षण कार्यालयीन कामापुरते असते; गंभीर गुन्ह्यात न्यायालयाच्या आदेशाने अटक होऊ शकते. घरातल्या मदतनीसाचा पगार कार्यालयीन कामात बसतो का, यावरच वाद पेटला.

निषेध म्हणून भारताने दिल्लीतल्या अमेरिकी दूतावासासमोरचे सुरक्षा अडथळे हटवले आणि खोब्रागडे यांची बदली संयुक्त राष्ट्रांतील भारताच्या कायमस्वरूपी कार्यालयात केली. ८ जानेवारी २०१४ला त्यांना पूर्ण संरक्षण मिळाले, ९ला आरोपपत्र आले, त्याच रात्री त्या मायदेशी निघाल्या. मार्चमध्ये न्यायालयाने आरोपपत्र रद्द केले, कारण ते दाखल झाले तेव्हा संरक्षण लागू होते. दोनच दिवसांत नवे आरोपपत्र दाखल झाले, कारण आता खोब्रागडे त्या पदावर नव्हत्या.

म्हणजे कवच पदाचे असते. १९६१च्या करारातच म्हटले आहे की या सवलती व्यक्तीच्या लाभासाठी नाहीत, दूतावासाचे काम नीट चालावे यासाठी आहेत. म्हणूनच ते कवच काढून घेण्याचा अधिकारही अधिकाऱ्याला नेमणाऱ्या देशाकडे असतो.

या सगळ्या गदारोळात पगार मागणारी बाई मात्र मागे पडते. २०२२ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्यासारख्यांना एक वाट मोकळी केली. सौदी अरेबियाच्या एका राजनैतिक अधिकाऱ्याविरुद्धच्या दाव्यात न्यायालय म्हणाले, घरकामगाराला गुलामासारखे राबवून नफा कमावणे हा व्यावसायिक व्यवहार ठरतो. आरोप सिद्ध झाले, तर त्या दिवाणी दाव्यात संरक्षणाची ढाल चालणार नाही.

पण प्रत्येक वेळी कामगाराने परक्या देशातल्या कोर्टाची पायरी का चढावी? कवच सरकारचे असेल, तर त्या घरातल्या पगाराच्या करारावर सहीही सरकारचीच हवी.