पराभवानंतरची घडी: हैदराबाद, 1948 ते 1952

आजच्या सेनगाव तालुक्यातले पुसेगाव 1948 साली परभणी जिल्ह्यात, म्हणजे निजामाच्या राज्यात होते. 17 सप्टेंबरला निजामाने भारतीय फौजेपुढे शरणागती जाहीर केली आणि मेजर जनरल जयंतनाथ चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. जिंकलेल्या फौजेने हरलेल्या राज्याची घडी कशी बसवावी, याचे हे आपल्या घरातले उदाहरण. माझ्या मते ती टिकली, कारण गादी ठेवून गादीखालची जमीन बदलली. जपानमध्ये महायुद्धानंतर अमेरिकी सेनापती मॅकआर्थरने सम्राटाला ठेवून कुळांना जमीन दिली, तसेच इथे निजाम 1950 ला राजप्रमुख, म्हणजे राज्याचा नामधारी प्रमुख, झाला. पण त्याआधी, ऑगस्ट 1949 मध्ये, जहागिरी रद्द झाल्या होत्या. जहागिरीच्या गावात सारा जहागीरदाराकडे जाई, तो आता सरकारात जमा होऊ लागला. 1950 ला कूळकायदाही आला. शेतकऱ्याच्या खिशात मात्र काही वर्षे निजामाचा हाली सिक्का खुळखुळत राहिला!

मराठवाड्यासाठी ही मुक्ती होती, मग इथल्या लष्करी राजवटीला जपानसारखी परकी सत्ता कसे म्हणायचे, हा आक्षेप रास्त आहे. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांचा जाच सोसलेल्यांना फौज आपलीच वाटली. तरी कारभार बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यांच्या हाती गेला आणि त्यातूनच नोकऱ्या स्थानिकांना द्या म्हणणारे 1952 चे मुलकी आंदोलन पेटले. त्याहून जड गोष्ट म्हणजे लष्करी कारवाईनंतर मुसलमानांची झालेली कत्तल. पंडित सुंदरलाल समितीने तिची चौकशी केली, पण सरकारने तो अहवाल कित्येक दशके दाबून ठेवला. जमिनीचा हिशेब झाला, माणसांचा राहिला.