वुलवर्थ्सच्या शेजारचं दुकान

२००८च्या डिसेंबरात मी पहिल्यांदा इंग्लंडला गेले, ती माझ्या आतेभावाकडे. तिथल्या एका लहानशा गावात तो वर्तमानपत्रं, सिगारेटी, गोळ्या-चॉकलेटं आणि भेटकार्डं विकायचा. दुकान लहानसंच, पण जागा मोक्याची. हाय स्ट्रीटवर आणि तीही वुलवर्थ्सला खेटून! हाय स्ट्रीट म्हणजे गावाची बाजारपेठ. पुण्याला जसा लक्ष्मी रस्ता, तसा हा तिथल्या बहुतेक गावांना असतो.

मी पोचले तेव्हा वुलवर्थ्समध्ये झुंबड उडाली होती. कंपनी बुडाली होती आणि काचांवर 'सगळं विकणे आहे' अशा अर्थाचे मोठाले फलक लागले होते. सगळं म्हणजे अगदी मांडण्या आणि कपाटंसुद्धा.

"दादा, आता तुझी चंगळ आहे," मी म्हटलं. "गावातली सगळी पोरं गोळ्यांसाठी तुझ्याकडेच येणार."

दादा हसला नाही. "अगं, माणसं यायची ती त्यांच्याकडे. जाता जाता माझ्याकडे पेपर घ्यायची. आता ती या बाजूला फिरकतील कशाला?"

मला काही ते पटलं नाही. मोठं दुकान बंद पडलं की शेजारच्या छोट्याचं भलं होतं, असं माझं साधं गणित होतं.

वुलवर्थ्स मुळातली अमेरिकन. ब्रिटनमधलं तिचं पहिलं दुकान १९०९ साली लिव्हरपूलला उघडलं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत तिथे सहा पेन्सच्या वर किमतीची वस्तूच नसायची. मग मोठी पातेली कशी विकायची? पातेलं वेगळं, झाकण वेगळं! आपल्या तुळशीबागेतल्या दुकानदारालाही ही युक्ती आवडली असती. पुढे पोरांचे कपडे, गाण्यांच्या तबकड्या, रंगाचे डबे आणि हव्या तेवढ्या वेचून घ्यायच्या गोळ्या असं सगळं एका छपराखाली आलं. ब्रिटिशांच्या तीन-चार पिढ्यांनी आपला पहिला खाऊचा पैसा तिथे खर्च केला.

मग ती बुडाली का? लोक इंटरनेटवरून खरेदी करू लागले, हे उत्तर सोपं आहे आणि थोडंफार खरंही. सुपरमार्केटांनी एकेक माल हिरावून घेतला, हेही खरं. पण गाळ्यांचा हिशेब मला दादाने समजावला. २००१ साली किंगफिशर या मूळ कंपनीने वुलवर्थ्सला वेगळं काढलं. काढताना तिची १८२ दुकानं ६१ कोटी ४० लाख पौंडांना विकली आणि तीच पुन्हा भाड्याने घेतली. म्हणजे काल घरमालक असलेला माणूस आज त्याच घरात भाडेकरू! त्यात ब्रिटनमधल्या दुकानांच्या भाडेकरारांत एक कलम सर्रास असतं. ठरावीक वर्षांनी भाड्याचा फेरविचार होतो, पण भाडं वाढू शकतं किंवा तेवढंच राहतं, उतरत मात्र नाही. बाजार पडला तरी नाही.

शेवटचा घाव उधारीचा होता. आपला वाणी व्यापाऱ्याकडून माल उधार उचलतो, विकतो आणि मग पैसे चुकते करतो. मोठ्या कंपन्यांचंही तसंच चालतं, फक्त तिथे पुरवठादार त्या उधारीचा विमा उतरवतात. २००८च्या मंदीत विमेवाल्यांनी वुलवर्थ्सवरून हात काढून घेतला. पुरवठादार म्हणाले, आधी रोख, मग माल. आणि हे कधी? नाताळ तोंडावर आलेला असताना. डोक्यावर ३८ कोटी ५० लाख पौंडांचं कर्ज. त्यावर आणखी रोकड देणार कोण? २६ नोव्हेंबरला कंपनी प्रशासकांच्या ताब्यात गेली आणि ६ जानेवारी २००९पर्यंत ८०७ दुकानं बंद झाली. सुमारे २७ हजार माणसं घरी बसली.

दादाच्या बाबतीत मात्र माझं गणित साफ चुकलं. सकाळच्या पेपरांचा खप टिकला, पण दुपार मेली. वहिनी फोनवर सांगायच्या, "वन्सं, दोन ते चार मी विणकाम करते. गिऱ्हाईक आलंच तर दचकायला होतं." २०११ साली त्याचा भाडेकरार संपला. मालकाने नवं भाडं सांगितलं ते जुन्या भरभराटीतलंच. दादा एक आठवडा विचार करत बसला आणि मग त्याने चाव्या परत केल्या. तो तेव्हा एकोणसाठ वर्षांचा होता. पुढची सहा वर्षं त्याने एका गोदामात रात्रपाळी केली.

वुलवर्थ्सच्या त्या जागेत पुढे 'कुठलीही वस्तू एक पौंडाला' असं दुकान आलं. फिरून तेच! तेही फार वर्षं टिकलं नाही.

त्या हिवाळ्यात मी परत आले, तर इथे सुभिक्षाची शटरं उतरत होती. चेन्नईत १९९७ साली सुरू झालेली ही साखळी देशभरात सुमारे १६०० दुकानांपर्यंत वाढली होती, बरीचशी कर्जाच्या जोरावर. २००९च्या सुरुवातीला रोकड संपली, पगार थकले. आमच्या कोपऱ्यावरचा वाणी मात्र जागच्या जागी. मी त्याच्या कष्टांचं कौतुक करू लागले, तर तो म्हणाला, "ताई, कष्ट खरे, पण भाडं जुनं आहे." १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर बांधून ठेवली होती. मालकांचे त्यात हाल झाले, दुरुस्तीवाचून वाडे खचले, हेही मी पाहिलंय. पण कित्येक जुनी दुकानं तगली ती त्यामुळेच. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांना या संरक्षणातून वगळलं. म्हणजे साखळीवाल्यांना इथेही बाजारभावानेच भाडं भरावं लागतं.

त्या शेवटच्या सेलमध्ये दादाने वुलवर्थ्सची एक लोखंडी मांडणी दहा पौंडांना घेतली होती, मासिकं लावायला. दुकान गेलं, तशी ती घरी आली. गेल्या वर्षी मी गेले तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. वहिनींनी तिच्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या आहेत.